आलेलं मांजर, सोडलेलं मांजर

मिरजेत मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की आमचं घर फरशीवर उतरतं. शहाबादी फरशी, तिच्यावर नुकताच फिरवलेला ओला फडका, आणि गार लागेल त्या कोपऱ्यात आडवे झालेले आम्ही. गेल्या मे महिन्यात अशाच एका दुपारी माझी नात इरा पुण्याहून आलेली होती. वय अकरा. मोबाईलची बॅटरी संपलेली, म्हणून आजीची आठवण झालेली. मी खडूनं पाच गुणिले पाच घरं आखली, मधल्या घरात आणि चारी कडांच्या मधोमध फुल्या मारल्या, एका बाजूनं घासून पांढरे केलेले चार चिंचोके डब्यातून काढले आणि तिला चल्लस आठ शिकवायला बसले. तिच्या सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगडीचे हिरवे तुकडे, माझ्या म्हणजे हरभऱ्याचे दाणे.

दुसऱ्या डावात सटवी आली. सटवी ही आमची मांजर. हे नाव ठेवलेलं नाही, पडलेलं आहे. दुधाचं पातेलं लवंडलं की कामाच्या मावशी ओट्याजवळून ओरडायच्या, ‘अगं सटवे!’ आणि ही बया कान टवकारून वळून बघायची. तेच नाव रुळलं. तर सटवी आली, पटाच्या कडेला पुढचे पाय जुळवून बसली, इराचा एक हिरवा तुकडा बराच वेळ न्याहाळला, आणि पंजाच्या एका टोल्यात तो बाहेरच्या रांगेतून थेट मधल्या घरात नेला.

‘माझी घरात गेली!’ इरा ओरडली.

‘गेली नाही, मांजरानं नेली. परत ठेव.’

‘का? चिंचोक्यांनी हलवली तर चालते, मग मांजरानं हलवली तर का नाही?’

चौतीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं तरी संभाव्यतेचा धडा शिकवला, फासे आणि नाणी फळ्यावर उडवली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तोंड उघडलं, आणि उत्तर नसल्याचं लक्षात आल्यावर पाणी प्यायला उठले.

माठाजवळ उभी असताना सासूबाई आठवल्या. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा शेजारपाजारच्या चार बायका दुपारची आवराआवर झाली की सोप्यात पट मांडायच्या. घरात मांजरं असायचीच, उंदीर होते म्हणून. पटावर कुणाचं रांगतं पोर आलं आणि सोंगट्या विस्कटल्या तर बायका त्या पुन्हा जागच्या जागी लावत, भांडून का होईना. पण मांजर येऊन गेलं तर सासूबाई हात वर करत: ‘मुक्या जिवानं हलवलं ते हललं.’ आणि डाव तिथून पुढे चालू. तेव्हा बी.एस्सी.चा तोरा होता. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना सोंगट्या कुठे होत्या ते आठवत नाही आणि कबूल करायचं नाही. पण मग पोराच्या वेळी बरं आठवायचं! हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

इराला म्हटलं, चल, मांजर धरूनच खेळ करू. नियम आपण बसवू. ती सुट्टी त्यातच गेली, आणि ती पुण्याला परतल्यावर माझे पुढचे सहा महिने जुन्या पटांच्या मागे गेले.

पट म्हणजे मुळात कापड. सारीपाटाच्या नावातच ते आहे. लाकडी फळी नाही, पुठ्ठा नाही. अधिकाच्या चिन्हासारखं शिवलेलं कापड, चार हात, प्रत्येक हातावर तीन रांगा आणि रांगेत आठ घरं. म्हणजे हाताला चोवीस, एकूण ९६, आणि मधे घर. चार रंगांच्या चार-चार अशा सोळा सोंगट्या. टाकायला लांबट, चार पैलूंचे फासे. त्याच पटावर पचिसी मांडली तर कवड्या. खेळ संपला की चारी हात मधे दुमडायचे, सोंगट्या आत, वर नाडी. माणूस प्रवासाला निघाला की पट गाठोड्यात जायचा. हे कापड अंथरायचं कुठे? जमिनीवर, चटईवर, गादीवर. जिथे माणसाची मांडी, तिथेच पोराचे गुडघे आणि मांजराचे पंजे. कापड जरा ओढलं गेलं की सोळाच्या सोळा हलल्या. आणि अंथरलेल्या कापडावर मांजर बसणार नाही असं घर मी अजून पाहिलं नाही.

आपली बोलीसुद्धा या पटावरूनच उठून आलेली आहे. दान पडतं, फासे उलटे पडतात, सोंगटी मारली जाते. ‘पोबारा’ हे मुळात फाशांचं दान, पौ आणि बारा. मोठं दान पडलं की सोंगटी सुसाट सुटते, म्हणून चोरानं पोबारा केला. आणि डाव ‘उधळला’ जातो. जिंकण्याला मात्र या खेळानं मराठीला एकही तसा चटकदार शब्द दिलेला दिसत नाही. जिंकणं बायका विसरत असाव्यात. उधळणं लक्षात राहायचं.

त्याहून मागे गेलं तर पट दिसेनासा होतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. त्यातले अक्ष म्हणजे बेहड्याच्या बिया. घरं नाहीत, सोंगट्या नाहीत, नुसत्या बिया आणि हरलेला माणूस. कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावं युगांना लागण्याआधी दानांची होती. चारानं भाग जाणारं ते कृत, एक उरलं की कली. आपण सगळे एका हरलेल्या दानात राहतो, असं मी वर्गात एकदा म्हटलं होतं. पर्यवेक्षिकांना ते आवडलं नाही.

पण मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बेहडा, चिंचोके, कवड्या: नशीब मोजायची ही हत्यारं कुणी कारखान्यात बनवली नाहीत. झाडाखालून उचलली, डब्यातून काढली. कवडी तर मालदीवच्या समुद्रातून येऊन इथे सुटे पैसे म्हणून चालायची. कवडीमोल, फुटकी कवडी हे त्या बाजाराचे अवशेष. घरातल्याच वस्तूला थोडा वेळ दैवाचं काम द्यायचं, खेळ संपला की चिंचोके परत डब्यात. मग घरातल्या मांजराला हे काम दिलं तर चिंचोक्यानं तक्रार का करावी?

वेरूळला मी पाच सहली नेल्या. मुलींना कैलास पाहायचा असतो, कारण तो पुस्तकात असतो. मला मात्र २१ नंबरच्या लेण्यात, रामेश्वरात, रेंगाळायचं असायचं. तिथे शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसलेत. सहाव्या शतकातलं हे काम. वर देवांचा डाव रंगलाय, आणि खालच्या पट्ट्यात नंदी उभा आहे आणि गणांची टोळी त्याच्या मागे लागली आहे. एकानं तर नंदीची शेपटी दातात धरली आहे. जाणकार सांगतात, शंकर नंदी पणाला लावून हरला, आणि गण पार्वतीची ती जिंकलेली मालमत्ता हाकून न्यायच्या गडबडीत आहेत. मुली दर वेळी वरचा देव सोडून खालच्या शेपटीकडे बोट दाखवून हसायच्या, आणि मला वाटतं शिल्पकाराला तेच हवं होतं. ज्यानं हा पट घडवला त्यानं घरात खेळ कसा चालतो ते पाहिलेलं होतं. डाव कितीही गंभीर असो, त्याच्या पायाशी एक जनावर आणि चार व्रात्य पोरं असतातच.

शंकर-पार्वतीच्या या डावावरून दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. त्या दिवशी खेळायची मोकळीक असे. कोजागिरीच्या जागरणातही अक्षक्रीडा सांगितलेली आहे. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा हरलेला डाव तर जेजुरीचा. म्हाळसा आणि खंडोबा सारीपाट खेळले, पण लावला तो बारा वर्षं घर सोडण्याचा. देव हरला, मालेगावजवळच्या चंदनपुरीला गेला, धनगराघरी चाकरीला राहिला, मेंढरं राखली, आणि बाणाईला घेऊन परतला. तो मुद्दाम हरला असं सांगणारेही आहेत, कारण बाणाई आधीच मनात भरली होती. म्हणजे दान खरं पडलं की पाडलं, हा संशय देवालाही सुटलेला नाही. हा संशय पुढे आमच्या खेळातही येणार होता.

परदेशात गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. इंग्लंडात १८९६ साली आपल्याच पचिसीचं लुडो म्हणून पेटंट घेतलं गेलं. कापड जाऊन कडक फळी आली, कवड्या जाऊन सहा बाजूंचा ठोकळा आला, आणि तो ठोकळा हातानं न टाकता पेल्यात घालून हलवायचा. हेतू चांगलाच होता, हातचलाखी नको. नियम छापून डब्यात घातले. तो डबा मग आपल्याकडे परत आला आणि दुकानातून घरोघर गेला. माझ्या लेकीच्या लहानपणी आमच्या घरात लुडो टेबलावर खेळला जायचा आणि मांजराला टेबलावर चढायची बंदी होती. तिला मांजर आणि खेळ यांचा संबंध कधी कळलाच नाही. इराला कळला तो वीज गेली म्हणून.

आता मांजर. की कुत्रं.

नवव्या शतकातला चिनी लेखक दुआन चंगशी यानं एक किस्सा लिहून ठेवला आहे. थांग घराण्याचा बादशहा श्वानचुंग उन्हाळ्यातल्या एके दिवशी एका राजपुत्राबरोबर वेइची खेळत होता. वेइची म्हणजे जपानी लोक ज्याला गो म्हणतात तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. शेजारी पीपा हे वीणेसारखं वाद्य वाजवणारा वादक, आणि पटापाशी उभी राहून बघणारी बादशहाची लाडकी यांग ग्वेफेइ. बादशहा हरायला आला. यांग ग्वेफेइनं हातातलं समरकंदकडचं कुत्र्याचं पिल्लू अलगद खाली सोडलं. ते पटावर चढलं, सोंगट्या विखुरल्या, डाव मोडला. बादशहा फार खूश झाला. राजपुत्राला काय वाटलं ते दुआन चंगशी लिहीत नाही. पट पुन्हा मांडायची भाषा तिथे कोण करणार?

त्यानंतर दीडेकशे वर्षांनी जपानात मुरासाकी शिकिबू या दरबारी बाईनं ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली. तीत एक वसंतातली संध्याकाळ आहे. बागेत तरुण सरदार केमारी खेळताहेत. चेंडू पायानं उडवत ठेवायचा, जमिनीवर पडू द्यायचा नाही. पडद्याआड राजकन्या बायकांसह बघते आहे. एवढ्यात एक छोटं चिनी मांजर, मागे मोठं मांजर लागलं म्हणून, पडद्याखालून बाहेर पळतं. त्याच्या गळ्यात लांब दोरी. ती पडद्यात अडकते, मांजर ओढ घेतं आणि पडदा वर उचलला जातो. काशिवागी नावाच्या तरुणाला उभी राजकन्या दिसते. बस. इथून त्या कादंबरीतले निम्मे अनर्थ सुरू होतात. काशिवागी पुढे ते मांजरच मागून आणतो आणि उशाशी घेऊन झोपतो.

हे दोन्ही किस्से मी इराला फोनवर सांगितले. ती म्हणाली, ‘चीनवाली चीटिंग आहे. जपानवालं खरं.’

तिनं एका वाक्यात आमच्या खेळाचा पाया सांगितला. कुत्रं सोडलेलं होतं, मांजर आलेलं होतं. सासूबाईंचा नियमही हाच असणार: पोर कुणाचं तरी असतं, कुणाच्या तरी बाजूचं असतं, त्याला आई डोळ्यानं खुणावू शकते. मुकं जनावर कुणाच्या बाजूचं नाही. चिंचोक्याला इच्छाच नसते. समोरच्या गड्याला इच्छा असते आणि ती आपल्याला हरवण्याची असते. मांजराला भरपूर इच्छा असते, पण ती आपल्या डावाबद्दल नसते. हिरवा तुकडा चमकला, एवढंच. खेळात अशी तिसरी गोष्ट मला दुसरीकडे कुठे सापडली नाही.

माझा जावई संगणकातला. त्याचं म्हणणं, ‘आई, कशाला एवढा त्रास, मोबाईलवर करून देतो, मधूनच मांजर येईल, आकडा यादृच्छिक.’ पडद्यावरचं मांजर नवीन नाही. १९८९ साली केंजी गोतो या जपानी माणसानं मॅकिंटॉश संगणकासाठी ‘नेको’ नावाचं चिमुकलं मांजर केलं होतं. बाण हलला की त्याच्या मागे धावायचं, बाण थांबला की अंग चाटून झोपायचं. गोड आहे. पण ते बाणाच्या आज्ञेत आहे. मी जावयाला म्हटलं, तुमचं मांजर म्हणजे पेल्यात घातलेला ठोकळाच की हो, फक्त मिशा लावलेला. मग त्यानं लेझरचा दिवा आणून दिला: लाल ठिपका नाचवा, सटवी हवी तिथे येईल. अमेरिकेत १९९५ साली लेझरचा ठिपका नाचवून मांजराला व्यायाम देण्याच्या पद्धतीवर चक्क पेटंट दिलं गेलं आहे. दिवा मी परत केला. तो हातात घेतला की मांजर फासा राहत नाही, सोंगटी होते.

आता नियम कसे बसले ते सांगते, कारण खरी मेहनत तिथे झाली.

पहिला नियम सोपा होता. मांजर पटावर आलं की ज्याची पाळी असेल त्याची हुकली. तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी सटवी फक्त माझ्याच पाळीला यायला लागली. गणिताच्या बाईला एवढं कळतं: चार चिंचोके न्यायी धरले तर सोळा शक्यतांपैकी सहांत दोन पांढरे पडतात, चारही पांढरे एकदाच आणि चारही काळे एकदाच. म्हणून तर चार आणि आठ ही दानं मोलाची. अष्टाचम्मा हे या खेळाचं दुसरं नाव त्यांच्यावरूनच पडलं आहे. पण ओळीनं सात वेळा माझ्याच पाळीला मांजर? मी पटाची माझ्याकडची कड हुंगली. मावशींच्या डब्यातला सुक्या बोंबलाचा तुकडा फरशीच्या सांध्यात दडपलेला होता.

इराला मी कौटिल्य सांगितला. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड, जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारचे. म्हणजे खोटे फासे आणि चोरटे अड्डे ही राज्याची डोकेदुखी तेव्हापासूनची. इरानं ते ऐकून घेतलं आणि स्वतःलाच द्यूताध्यक्ष नेमलं. दंड बारा चिंचोके. बोंबलाचा दंड तिनं स्वतःच भरला, पण अध्यक्ष म्हणून तो स्वतःच्याच डब्यात जमा केला.

दुसरा नियम सासूबाईंचा: हललं ते हललं. याच्यात थरार आहे, पण एक अडचण निघाली. सटवीला सोंगटी हलवण्यात रस नसतो, घालवण्यात असतो. हरभरा कपाटाखाली गेला की तिचं समाधान. मग पटाबाहेर गेलेली सोंगटी मेली, असं ठरवलं. एका दुपारी तिनं एका फेरीत माझे चारही दाणे कपाटाखाली पाठवले आणि डाव अडीच मिनिटांत संपला. खेळात एवढं दैव चालत नाही. पटावर माणसालाही काहीतरी करता आलं पाहिजे. म्हणून एका भेटीत एकच सोंगटी मरेल, बाकीच्या परत.

मग सटवी येईनाशी झाली. आम्ही पट मांडायचो, ती खिडकीत पाठ करून बसायची. इरा रडवेली. मी वाचायला लागले. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी मांजरांच्या खेळण्यावर नेमका हाच अभ्यास केलेला सापडला. तेच खेळणं पुन्हापुन्हा दिलं की मांजराचा उत्साह उतरत जातो. खेळणं बदललं की तो झटक्यात परत येतो. भुकेलं मांजर जास्त खेळतं. कारण मांजराच्या लेखी खेळ आणि शिकार एकच, आणि न मरणाऱ्या, न बदलणाऱ्या शिकारीचा नाद धरण्यात अर्थ नाही. मग आम्ही रोज सोंगट्या बदलायला लागलो. आज सुपारीची खांडं, उद्या बटणं, परवा चुरगाळलेल्या कागदाच्या गोळ्या. डावाची वेळही बदलली. दुपारी मांजर झोपतं. पहाटे आणि दिवेलागणीला त्याच्या अंगात येतं. पूर्वीच्या बायका दुपारी खेळत, बहुधा याच हिशेबानं. त्यांना डाव पुरा करायचा असे.

सगळ्यात चांगला नियम मात्र आम्ही केलेला नाही, सटवीनं केला. एका संध्याकाळी ती काहीच न हलवता पटाच्या कोपऱ्यावर बसली, अगदी घरांच्या चौकटीत, शेपूट पायांभोवती गुंडाळून. आखलेल्या चौकोनात मांजर बसतं हे आता अभ्यासकांनीही मान्य केलं आहे. २०२१ सालच्या एका अभ्यासात तर नुसते कोपरे दाखवून चौकोनाचा भास निर्माण केला, तरी काही मांजरं त्या नसलेल्या चौकोनात जाऊन बसली. सटवीच्या खाली माझी एक सोंगटी झाकली गेली. इराला चार पडले, मारायचं तर तीच. तिनं मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. मांजराखालची सोंगटी मारता येत नाही. पटावरच्या फुल्या म्हणजे सुरक्षित घरं, ती कायमची ठरलेली असतात. आमच्या पटावर एक फुली चालायला लागली. ती कुठे बसेल सांगता येत नाही, कधी उठेल तेही नाही, आणि तिच्या पोटाखाली असेपर्यंत तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही.

सटवी हे नाव मावशींनी शिवी म्हणून दिलं, पण शिवीला कूळ आहे. सटवी म्हणजे सटवाई, षष्ठी. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री येते आणि कपाळावर लिहून जाते. आपल्याकडे तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची पद्धत आहे. काय लिहिलं ते कुणाला वाचता येत नाही. बंगाली घरांत या षष्ठीचं वाहन मांजर आहे. हे मला ऑगस्टमध्ये कळलं. मी मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग दूध सांडलं तर आता काय म्हणायचं?’

दिवाळीला सगळे मिरजेला आले. पाडव्याच्या संध्याकाळी मी सासूबाईंची ट्रंक उघडली. त्यांचा पट तळाशी होता; लाल आणि पिवळ्या ठिगळांचा, एक हात उंदरांनी कुरतडलेला. सोंगट्यांपैकी अकरा सापडल्या, बाकीच्या जागी बटणं घेतली. मी, लेक, इरा आणि मावशी, असे चार रंग. जावयाला द्यूताध्यक्षाचा लेखनिक केलं. बाहेर फटाके वाजत होते, म्हणून सटवी घरातच होती, बिथरलेली, आधी कपाटावर, मग कपाटामागे. तासाभरात फटाके थंडावले. माझ्या तीन सोंगट्या घरात होत्या, इराच्याही तीन. चौथीला मला पाच हवे होते, तिला दोन.

सटवी कपाटामागून आली. कुणी बोलावलं नव्हतं; मी चौघींच्या हातांवर नजर ठेवून होते. ती पटाच्या मधोमध गेली, दोनदा गोल फिरली आणि बसली. मधलं घर पूर्ण झाकलं. म्हणजे आता कुणीच घरात जाऊ शकत नव्हतं. तिनं डोळे मिटले. शेपूट मात्र पटाच्या इराकडच्या हातावर लांब पसरलेलं, बरोबर तिच्या शेवटच्या सोंगटीवर.

‘शेपूट म्हणजे मांजर धरायचं का?’ लेकीनं विचारलं. तिला इराची सोंगटी मारता येत होती.

‘धरायचं,’ इरा म्हणाली.

‘नाही धरायचं. शेपूट बसत नाही, पडतं,’ मावशी म्हणाल्या.

नियमात शेपटीचा विचार झाला नव्हता. लेकीनं हात पुढे केला आणि शेपटीचं टोक दोन बोटांनी अलगद उचललं. मला नंदी आठवला. सटवीनं एक डोळा उघडला.

‘बारा चिंचोके,’ द्यूताध्यक्ष म्हणाली.